निविदेआधी एक मांडव

प्रति,
ठाणे शहरातील सर्व नगरसेविका आणि नगरसेवक

विषय : प्रभागातली छोटी सार्वजनिक कामं आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प

स. न. वि. वि.

मी वास्तुकलेच्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला आहे. घर कळव्यात. गेल्या दसऱ्याच्या साफसफाईत आईनं माळा रिकामा करायला घेतला आणि माझी चार वर्षांची मॉडेलं एकेक करून खाली आली. सनबोर्डची, माउंटबोर्डची, काहींची छपरं निघालेली, काहींची तारेची झाडं वाकलेली. एक अभ्यासिका, खाडीकाठचा एक ओटा, एक भाजी मंडई, एक पाळणाघर. आईनं विचारलं, "यातलं काय ठेवायचं आणि काय रद्दीला द्यायचं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्यातलं प्रत्येक मॉडेल ठाण्यातल्या एका खऱ्या जागेचं आहे. मी तिथं दिवस दिवस बसले आहे, टेप लावून मोजली आहे, तिथल्या माणसांनी मला चहा पाजला आहे. आणि ती प्रत्येक जागा तुमच्यापैकी कुणाच्या तरी प्रभागात येते.

आमच्या अभ्यासक्रमात दर सेमिस्टरला शिक्षक एक जागा देतात. आधी काही आठवडे ती नुसती बघायची, मग नकाशे, मग मॉडेल आणि शेवटी ज्युरी. बाहेरून आलेले वास्तुविशारद समोर बसतात, पंधरा-वीस मिनिटं प्रश्न विचारतात, गुण देतात. एका वर्गात चाळीस मुलं धरली, तर एकाच जागेची चाळीस चित्रं तयार होतात. संध्याकाळपर्यंत ती चाळीसही चित्रं गुंडाळून घरोघरी माळ्यावर गेलेली असतात. ज्या जागेसाठी ती काढली, तिथं राहणाऱ्या एकाही माणसानं ती पाहिलेली नसतात. हे वर्षानुवर्षं असंच चाललं आहे आणि त्यात कुणाचाच वाईट हेतू नाही. पण मला हे आता सहन होत नाही, म्हणून हे पत्र.

आयुक्तांना न लिहिता तुम्हाला का लिहिते आहे, तेही सांगते. विकास आराखडा, मेट्रो, खाडीवरचे पूल हे मोठे विषय आहेत आणि त्यांच्या जागा मोठ्या आहेत. मला बोलायचं आहे शाळेच्या फाटकासमोरच्या दहा फुटांबद्दल, रिक्षा स्टँडच्या कडेबद्दल, चाळीच्या नळाजवळच्या ओट्याबद्दल, तलावाच्या एका कोपऱ्याबद्दल. या जागांची कामं प्रभागाच्या आणि नगरसेवकांच्या निधीतून होतात. पेव्हर ब्लॉक, बाकडी, रेलिंग, कमान, व्यायामाची साधनं. आमच्यासारख्या माणसांचा शहराशी रोजचा संबंध येतो तो याच कामांशी. उड्डाणपुलावरून मी महिन्यातून दोनदा जाते, पण गल्लीच्या तोंडावरच्या बाकाजवळून दिवसातून चारदा जाते.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला लोकमान्य नगरमध्ये अभ्यासिका करायला दिली होती. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, टीव्ही, शिवणयंत्र आणि त्यातच पोलीस भरतीचा किंवा एमपीएससीचा अभ्यास करणारं एखादं पोर. अभ्यासिका म्हणजे तिथं चैन मुळीच नाही. मी फार मनापासून काम केलं. उत्तरेचा उजेड यावा म्हणून त्या बाजूला उंच काच घेतली, मधोमध दुमजली दालन, पुस्तकांची भिंत. ज्युरीत कौतुक झालं, गुणही चांगले मिळाले.

ज्या मुलांनी मला मोजमापाला मदत केली होती, त्यांना दाखवावं म्हणून आठवड्यानं मी त्याच शीट घेऊन परत गेले. आमच्याकडे असं सहसा कुणी करत नाही. एकदा सबमिशन झालं की पुढच्या साईटचे वेध लागतात. भरतीची तयारी करणारा एक मुलगा बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "ताई, रात्री किती वाजेपर्यंत उघडी राहील?" मी म्हटलं, ते चालवणारे ठरवतील. तो म्हणाला, "मग रात्री अकराला बाकी सगळं बंद असताना फक्त ही खोली उघडी ठेवता येईल असा दरवाजा कुठे आहे?" माझ्या नकाशात तसा दरवाजा नव्हता. त्याच्याबरोबरच्या मुलीनं आणखी विचारलं. डबा कुठे बसून खायचा? पुस्तकांजवळ खाल्लं तर मुंग्या होतात. बाथरूम पुरुषांच्या रांगेवरून जाऊन का आहे? आणि ती जे शेवटी म्हणाली ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. "मी नऊला निघते. आई मला न्यायला येते. ती कुठे उभी राहणार?"

ती कुठे उभी राहणार. माझ्या त्या सुंदर काचेच्या बाहेर नुसती भिंत होती आणि भिंतीला लागून गटार.

मी घरी जाऊन तो नकाशा पुन्हा काढला. अभ्यासाची खोली रस्त्याच्या बाजूला आणली, तिला स्वतःचं दार आणि स्वतःचा जिना दिला, म्हणजे बाकी इमारत बंद करूनही ती चालू राहील. दाराशी दीड फूट उंचीचा कट्टा, वर छप्पर आणि रस्त्याच्या वळणापर्यंत उजेड पडेल असा दिवा. मुलींचं स्वच्छतागृह जिन्याजवळ. दोघांत एक चार्जिंगचा पॉइंट. डब्यासाठी बाहेरच्या गॅलरीत फळी आणि नळ. उंच काच निम्मी केली, कारण उन्हाळ्यात त्या दुमजली दालनाला गार ठेवायला लागणारी वीज कुठलीच संस्था भरू शकली नसती. हा दुसरा नकाशा कुठल्याही ज्युरीपुढे गेला नाही, त्याला गुण मिळाले नाहीत. माझ्या पाच वर्षांतलं ते सगळ्यात चांगलं काम आहे असं मी आज ठामपणे म्हणेन. ते काम मी एकटीनं केलेलं नाही.

तिसऱ्या वर्षाला चेंदणी कोळीवाड्यात गेलो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, हे आपण शाळेत अभिमानानं शिकतो. ते रूळ कोळीवाड्याच्या मधून गेले आणि वस्तीचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग झाले, हे मला तिथं गेल्यावर कळलं. २०१५ साली ठाणे खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये तो जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला, त्यामुळे वर्गातल्या निम्म्या मुलांच्या डोक्यात पक्षी बघायचे मनोरे होते. माझ्याही होते. मी दगडी फरसबंदीचा फिरायचा रस्ता काढला, दिवे लावले, बसायला पायऱ्या केल्या. मीठबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्या एका मावशींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "बाय, छान आहे. पण ह्यावर जाळं पसरलं तर अडकंल. आणि हे काळे दगड दुपारी तापतील, त्यावर अनवाणी चालायचं कुणी?" खाडीत पूर्वीसारखी मासळी राहिली नाही हे तिथं सगळेच सांगतात, तरी जाळी आहेत, होड्या आहेत, आणि जाळं दुरुस्त करायला सपाट, सावलीची, गुळगुळीत जागा लागते. माझ्या रस्त्यावर फिरायला येणाऱ्या पाहुण्याला जागा होती, जिथं तो फिरणार त्या गावाला नव्हती. पुढच्या तपासणीला मी पायऱ्यांऐवजी घोटलेल्या कोब्याचा एक लांब ओटा काढला, वर कौलं. शिक्षक म्हणाले, यात डिझाइन कुठे आहे? त्यांच्या प्रश्नात तथ्य होतं, कारण तो ओटा कागदावर खरंच काहीच दिसत नाही. तो दिसायला त्यावर जाळं पसरलेलं लागतं.

इथं मला थोडं विषयांतर करून नवी मुंबईतल्या बेलापूरला जायचं आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात आर्टिस्ट व्हिलेज ही घरांची वसाहत वसवली. आम्ही ती चौथ्या वर्षाला पाहायला गेलो. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अंगण साधारण ८ मीटर बाय ८ मीटर. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांच्या मध्ये १२ मीटर बाय १२ मीटरचं मोठं अंगण. प्रत्येक घर सुटं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला जसं वाढवायचं तसं त्यानं वाढवावं. आज गेलात तर मूळची बरीच घरं ओळखू येत नाहीत. लोकांनी मजले चढवले, टाइल्स लावल्या, ग्रिल बसवल्या. पण अंगणं आहेत. मी एका अंगणात पावलं मोजत चालले, तेव्हा ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आजींनी विचारलं, "काय हरवलं गं?" सात घरांपैकी कुणीही हाक मारली तरी ती सगळ्यांना ऐकू जावी एवढंच ते अंतर आहे. मोठ्या बागेत जी ओळख होत नाही ती या आठ मीटरांत होते. चांगली सार्वजनिक जागा मोठीच लागते, हा माझा समज तिथं कायमचा गेला. तुमच्या प्रभागात मोकळा भूखंड उरलेला नाही असं जेव्हा तुम्ही म्हणता, तेव्हा मला ते आठ मीटर आठवतात.

आणि आपल्याकडे तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, आहेच. ठाण्यात एकेकाळी साठाहून जास्त तलाव होते म्हणतात, आता पस्तीसच्या आसपास उरले. त्यांतला मासुंदा आपल्या सगळ्यांचा. एका बाजूला कौपिनेश्वराचं मंदिर, काठावर १९७८ पासूनचं गडकरी रंगायतन हे नाट्यगृह, मधे पाणी, भोवती माणसांची रहदारी. मी तिथं एका संध्याकाळी फक्त लोक कसे बसतात ते काढायला बसले. जोडपी पाण्याकडे तोंड करून, म्हातारी माणसं रस्त्याकडे तोंड करून, लहान मुलं दोन्हीकडे पाय टाकून. पाठ नसलेला कठडा असल्यामुळे ज्याला जिकडे बघायचं तिकडे तो बघतो. बाकडं टाकलं असतं तर बसणाऱ्याची दिशा आपण ठरवून टाकली असती. तिथं कुणी विचारत नाही, का बसलात, काही विकत घेणार का. दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोडला आणि तलावपाळीला कॉलेजातली हजारो मुलं नवे कपडे घालून नुसती उभी राहायला येतात. त्या गर्दीकडे मी वास्तुकलेची विद्यार्थिनी म्हणून पाहते, तेव्हा मला वाटतं की या मुलांना वर्षाच्या इतर दिवशी एकमेकांना भेटायला पैसे न देता उभं राहता येईल अशा जागा शहरात फार कमी आहेत.

आता ज्या कामासाठी पत्र लिहायला घेतलं, त्याकडे येते.

आमच्या घराजवळ एक शाळा आहे. साडेबाराला सकाळची सुटते आणि दुपारची भरते. त्या अर्ध्या तासात फाटकासमोर आया, आजोबा, आज्या, रिक्षा, शाळेच्या व्हॅन, वडापावची गाडी, सगळं एकदम येतं. उन्हात लोक दुकानांच्या पायऱ्यांवर बसतात, दुकानदार वैतागतात, त्यांचंही चुकत नाही. चौथ्या वर्षी आम्हाला 'तुमच्या परिसरातली एक छोटी सार्वजनिक जागा' असा विषय होता. मी हे फाटक घेतलं. नकाशा काढला. शाळेच्या कुंपणाला लागून ओळीनं बाक, वर छप्पर, व्हॅनसाठी पलीकडे जागा. नीटनेटका नकाशा होता. पण अभ्यासिकेनं मला शिकवलं होतं, म्हणून या वेळी मी आधीच लोकांना दाखवायचं ठरवलं. अडचण अशी झाली की लोकांना नकाशा वाचता येत नव्हता. त्यात कमीपणा काही नाही. मलाही तो वाचायला दोन वर्षं लागली. सगळे म्हणाले, छान आहे. त्या 'छान'चा मला काही उपयोग नव्हता.

गणपती नुकतेच गेले होते. आमच्या मंडळाचा मांडव अर्धा उतरला होता, बांबू आणि ताडपत्र्या रस्त्याच्या कडेला रचून ठेवल्या होत्या. मांडववाल्या काकांना मी विचारलं, यातले थोडे बांबू मला चार दिवस द्याल का? शाळेच्या मुख्याध्यापकांची आणि आमच्या भागातल्या पोलीस चौकीची परवानगी काढली. काकांनी त्यांची दोन माणसं दिली. एका रविवारी दुपारी आम्ही माझा नकाशा रस्त्यावर उभा केला. खऱ्या मापाचा. काथ्यानं बांधलेले बांबू, वर ताडपत्री, खाली मंडळाची लाकडी बाकडी. ताडपत्री मी सपाट ताणली होती. काका म्हणाले, "ताई, पोट पडेल. ढाळ द्या." परतीचा पाऊस अजून बाकी होता. त्यांनी एक बाजू हातभर खाली घेतली. मंगळवारी सर आली आणि पाणी त्यांनी ठरवलेल्या जागी पडलं.

सोमवारी सव्वाबाराला काय झालं ते सांगते. माझ्या बाकांवर कुणीच बसलं नाही. सावली होती, जागा होती, तरी सगळे उभे. मला रडू यायचं बाकी होतं. मी एका आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "इथं बसलं की फाटक पाठीमागे राहतं. पोरगा बाहेर आला ते दिसायला नको?" कुंपणाला पाठ लावून बाक ठेवले होते, रस्ता दिसत होता, फाटक दिसत नव्हतं. नकाशावर मला हे कधीच दिसलं नसतं, कारण नकाशावर मी वरून बघत होते. आम्ही त्याच दुपारी बाक काटकोनात फिरवले. मंगळवारी सगळे बाक भरले. बुधवारी आजोबा मंडळींनी आपणहून एक बाक उचलून रस्त्याकडे तोंड करून ठेवला, कारण त्यांना नातवंडापेक्षा आधी पंधरा मिनिटं गप्पा हव्या होत्या. मुलांनी आडव्या बांबूवर लोंबकळायला सुरुवात केली. मी आधी घाबरले, मग काकांनी तो बांबू दुहेरी बांधून दिला. वडापाववाल्या दादांनी स्वतःच गाडी चार हात मागं घेतली, कारण आता गिऱ्हाईक सावलीत थांबत होतं. शुक्रवारी मांडव उतरला. खर्च झाला तो बांबूंच्या हातगाडीचा आणि मदतीला आलेल्या माणसांच्या जेवणाचा.

चार दिवसांत मला माझ्या नकाशातल्या चुका सापडल्या. त्या सिमेंटमध्ये सापडल्या असत्या तर पुढची पंधरा वर्षं तशाच राहिल्या असत्या.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. तुमच्या प्रभागात कुठलंही छोटं सार्वजनिक काम काढण्याआधी, निविदेआधी, त्या जागेवर तो प्रस्ताव पंधरा दिवस मांडवासारखा उभा करून बघू या. तो उभा करायला, तिथं बसून पाहायला आणि लिहून ठेवायला आम्ही विद्यार्थी येतो. वास्तुकलेचं शिक्षण देणारी महाविद्यालयं ठाण्यात आहेत, नवी मुंबईत आहेत, मुंबईत तर आहेतच. आमचे नवे प्रकल्प जून-जुलैत आणि डिसेंबर-जानेवारीत सुरू होतात. त्याआधी तुमच्या प्रभागातली एखादी खरी अडचण तुम्ही महाविद्यालयाला कळवलीत, तर शिक्षक ती साईट म्हणून देऊ शकतात. चाळीस मुलं चाळीस तऱ्हांनी ती जागा बघतील. त्यातल्या दोन-तीन कल्पना निवडून त्यांचा मांडव घालायचा.

मांडव ही आपली कला आहे, आणि ती मी महाविद्यालयात शिकलेली नाही. आपल्याकडे लग्नाला, गणपतीला, नवरात्राला एका रात्रीत रस्त्याचं अंगण होतं आणि काम झालं की पुन्हा रस्ता होतो. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला अख्खं शहर काही तासांसाठी पायी चालणाऱ्यांचं होतं. कुठे खांब रोवायचा, वाहनाला किती जागा सोडायची, पाणी कुठे उतरवायचं, हे ज्ञान आपल्या मांडववाल्यांकडे, मंडळांच्या कार्यकर्त्यांकडे आहे. तुमच्यातले अनेक जण मंडळांतूनच पुढे आले आहेत, त्यामुळे मी हे तुम्हाला शिकवण्याची गरज नाही. मी फक्त म्हणते आहे की हेच कसब उत्सवाच्या बाहेर, बाक आणि पदपथ ठरवायला वापरू या.

पदपथाचं एक उदाहरण देते. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. १.८ मीटर म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोरून जाऊ शकतील एवढी जागा. १५० मिलिमीटर म्हणजे साधारण सहा इंच, वीतभरही नाही, गुडघे दुखणारी बाई एका पावलात चढेल एवढी पायरी. माझ्या आजीचे दोन्ही गुडघे गेले आहेत. उंच पदपथावर ती चढतच नाही, खालून रस्त्यानं चालते, रिक्षांच्या मधून. तुमच्या प्रभागात नवा पदपथ होणार असेल, तर आधी विटा आणि फळ्या मांडून त्या उंचीचा दहा मीटरचा तुकडा करा आणि तिच्यासारख्या पाच जणींना त्यावरून चालायला बोलवा. त्या काय म्हणतील ते कुठल्याच पुस्तकात नाही. २०१४ च्या कायद्यानं फेरीवाल्यांनाही जागेचा हक्क दिला आहे. मांडवाच्या त्या पंधरा दिवसांत भाजीवाल्या मावशीलाही तिची टोपली मांडू द्या, म्हणजे रुंदी खरी किती लागते ते कळेल.

बाकांबद्दलही मला मनापासून सांगायचं आहे. बाकावर देणाऱ्याचं किंवा निधीचं नाव लिहिण्याला माझी काहीच हरकत नाही. ज्यानं काम केलं त्याचं नाव असावं. पण बाक बसवण्याआधी एक आठवडा आम्हाला त्या जागेवर बसू द्या. एप्रिलमध्ये चार वाजता तिथं ऊन येतं का, पावसाळ्यात वरच्या पागोळ्या नेमक्या त्यावर पडतात का, बसल्यावर समोर कचऱ्याची पेटी दिसते की वडाचं झाड, हे आम्ही लिहून देऊ. आम्हाला तसंही हे शिकायचंच आहे. आमच्या शीटवर सावल्या काढायला आम्ही रात्र रात्र जागतो. त्या सावल्यांचा कुणाला तरी उपयोग होऊ दे.

आम्ही काय करू शकत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर चुकीची अपेक्षा होईल. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे शिक्षण पूर्ण करून वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय कुणी स्वतःला वास्तुविशारद म्हणवू शकत नाही. म्हणजे आमच्या सहीनं काही बांधता येणार नाही, आणि यायलाही नको. छप्पर वाऱ्यात टिकेल का, पाया किती खोल, याची जबाबदारी अभियंत्यांचीच राहील. आम्हाला कंत्राट नको, मानधन नको. कुणाचं काम हिरावून घ्यायचं नाही. निविदा काढणाऱ्या अभियंत्याच्या टेबलावर निविदेसोबत चार पानांची एक नोंद असावी, एवढंच आम्ही मागतो आहोत. लोक कुठे बसले, कुठे बसले नाहीत, कुणी काय हलवलं, पाऊस आला तेव्हा काय झालं.

तुमच्याकडून तीन गोष्टींची मदत लागेल आणि त्या तिन्ही तुमच्या हातातल्या आहेत. एक, जागेचा मोजणी केलेला नकाशा. आम्ही टेप लावून मोजतो, पण जमिनीखालच्या जलवाहिन्या, गटारं, केबल आम्हाला दिसत नाहीत. एकदा एका कार्यालयात मी असा नकाशा मागायला तीन चकरा मारल्या. प्रत्येक टेबलावर माणसं सौजन्यानं वागली, पण विद्यार्थ्याला तो कुठल्या अर्जावर द्यायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्या एका पत्रानं ते सोपं होईल. दुसरी, पंधरा दिवसांच्या मांडवाची परवानगी, जशी उत्सवाला मिळते तशी. आणि तिसरी म्हणजे तुमची एक संध्याकाळ. मांडव उभा असताना तुम्ही तिथं येऊन बसावं. भाषणासाठी नको, हार-नारळ नको. मुलं, आज्या, रिक्षावाले जिथं बसले आहेत तिथं त्यांच्याबरोबर अर्धा तास.

हे सगळं नव्यानं शोधून काढलेलं आहे असा माझा दावा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅममध्ये आल्डो व्हॅन आईक या डच वास्तुविशारदांनी पडीक कोपऱ्यांवर मुलांसाठी खेळायच्या जागा करायला सुरुवात केली. पहिली १९४७ साली. वाळूचा एक हौद, उड्या मारायला काही गोल दगड, लोंबकळायला लोखंडी कांबी. ती बघून शेजारच्या वस्त्यांतल्या लोकांनी पालिकेला पत्रं लिहिली की आमच्याकडेही अशी जागा करा. पुढच्या तीस वर्षांत अशा सातशेहून जास्त जागा झाल्या. आपल्या शेजारी माटुंग्याला उड्डाणपुलाखाली २०१६ पासून एक लांबलचक बाग आहे, नदीसारखी वळणं घेत जाणारी. पूर्वी तिथं काय होऊ शकतं हे कुणाला सुचलं नसतं. नितीन कंपनी, कॅडबरी, तीन हात नाका अशा नावांनी आपण ज्या जागा ओळखतो, तिथल्या पुलांखालून मी जाते तेव्हा प्रत्येक वेळी मनातल्या मनात बांबू रोवत असते.

आईच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी असं निघालं. पाळणाघर आणि मंडई रद्दीला दिली, कारण त्या जागी आता दुसरंच काही उभं आहे. ओट्याचं मॉडेल ठेवलं. अभ्यासिकेचं दुसरं मॉडेल, ज्यात दाराशी कट्टा आहे, ते त्या मुलीला नेऊन दिलं. ती आता घरापासून लांबच्या एका अभ्यासिकेत जाते. तिची आई अजूनही गल्लीच्या तोंडावर उभी राहते.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी शाळेचं तेच फाटक पुन्हा घेतलं आहे. बाकीच्यांनी संग्रहालयं आणि विमानतळ घेतले आहेत, ते त्यांच्या जागी योग्य आहेत. मला हे फाटक नीट व्हायला हवं आहे. येत्या महिन्यात मांडववाले काका पुन्हा बांबू देणार आहेत, या वेळी पूर्ण पंधरा दिवस. तुमच्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी सव्वाबाराला यावं. साडेबाराला घंटा होते. आजोबांनी वळवून ठेवलेल्या त्या बाकावर एक जागा मी तुमच्यासाठी धरून ठेवेन.

आपली नम्र,
वास्तुकलेच्या अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी
कळवा, ठाणे